‘वृद्धत्वाचे संकट’ आणि आशियाई निवृत्तिवेतन धोरण : जागतिक बँकेच्या १९९४ च्या अहवालाची चिकित्सा

प्रास्ताविक

निवृत्तिवेतन धोरणाच्या इतिहासात सन १९९४ मध्ये दोन घटना घडल्या. पहिली घटना जगभर गाजली. जागतिक बँकेने ‘अव्हर्टिंग द ओल्ड एज क्रायसिस’ हा अहवाल प्रसिद्ध केला आणि पुढील दोन दशके अनेक विकसनशील देशांच्या निवृत्तिवेतन सुधारणांना त्या अहवालातील मांडणीने दिशा दिली. दुसरी घटना फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात नेपाळमधील मनमोहन अधिकारी यांच्या अल्पमतातील सरकारने ७५ वर्षे व त्यावरील नागरिकांना दरमहा १०० रुपये वृद्ध भत्ता देण्याचे जाहीर केले. या भत्त्यासाठी पूर्वी नोकरी केलेली असणे, वेतनातून अंशदान दिलेले असणे अथवा दारिद्र्याचा दाखला सादर करणे यांपैकी कोणतीही अट नव्हती. वय आणि नागरिकत्व एवढेच पुरेसे होते.

या दोन घटनांमागे वार्धक्यातील सुरक्षेविषयीचे दोन भिन्न प्रश्न आहेत. निवृत्तिवेतनाचा पैसा कसा उभारावा आणि त्याचे व्यवस्थापन कोणी करावे, हा बँकेच्या अहवालाचा प्रश्न होता. निवृत्तिवेतनाचा हक्कदार कोण, हा नेपाळमधील निर्णयामागील प्रश्न होता. आशियातील बहुसंख्य वृद्धांच्या दृष्टीने दुसरा प्रश्न आधीचा आहे आणि तो न सोडविता पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधल्यामुळे अहवालाची मांडणी आशियात अपुरी ठरली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम अहवालाची मांडणी, नंतर तिचे मूळ गृहीतक आणि त्यानंतर आशियातील काही देशांचा अनुभव यांचा क्रमाने विचार केला आहे.

अहवालाची मांडणी

अहवालाचा प्रारंभ लोकसंख्याशास्त्रीय आकडेवारीने होतो. १९९० मध्ये जगात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे ५० कोटी होती. २०३० पर्यंत ती १४० कोटींवर जाईल आणि या वाढीपैकी निम्म्याहून अधिक वाढ एकट्या आशियात होईल, असे अहवालात नमूद केले होते. फ्रान्समध्ये साठ वर्षांवरील लोकसंख्येचे प्रमाण ९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर जाण्यास १४० वर्षे लागली. चीनमध्ये हेच स्थित्यंतर ३४ वर्षांत होईल, ही त्यातील तुलना विशेष प्रसिद्ध आहे. युरोपीय समाज आधी संपन्न झाले व नंतर वृद्ध झाले. आशियाई समाजांवर मात्र संपन्न होण्यापूर्वीच वृद्ध होण्याची वेळ येणार आहे, हे अहवालाचे निदान होते. गेल्या तीन दशकांच्या अनुभवाने ते खोटे ठरविलेले नाही.

या संकटावर अहवालाने तीन स्तंभांची रचना सुचविली. पहिला स्तंभ शासकीय व्यवस्थापनाखालील, करांतून अर्थसाहाय्य होणारा आणि वृद्धांमधील दारिद्र्य कमी करण्यापुरता मर्यादित असा होता. दुसरा स्तंभ सक्तीच्या बचतीचा असून त्यात प्रत्येक श्रमिकाचे अंशदान त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊन खासगी व्यवस्थापनाखाली गुंतविले जावयाचे होते. तिसरा स्तंभ ऐच्छिक बचतीचा होता. चिलीने १९८१ मध्ये केलेली सुधारणा ही दुसऱ्या स्तंभाची प्रमुख प्रेरणा होती. चालू पिढीच्या अंशदानातून निवृत्त पिढीला निवृत्तिवेतन देण्याची प्रचलित पद्धत लोकसंख्या वृद्ध होताच कोलमडते. उलट निधीआधारित पद्धतीमुळे बचत वाढते, भांडवल बाजार विकसित होतो आणि आर्थिक वाढीस चालना मिळते, असा त्यामागील युक्तिवाद होता. वृद्धांचे संरक्षण आणि आर्थिक वाढ ही दोन्ही उद्दिष्टे एकाच धोरणाने साधता येतील, असा दावा अहवालाच्या उपशीर्षकातच होता.

अहवालाचे काही गुण मान्य करणे न्याय्य ठरेल. अनेक विकसनशील देशांत शासकीय निवृत्तिवेतन निधी तुटपुंज्या व्याजावर सरकारी कर्जासाठी वापरले जात होते. मोजक्या नोकरदारांच्या निवृत्तिवेतनाचा भार प्रत्यक्षात ज्यांना कधीच निवृत्तिवेतन मिळणार नव्हते अशा गरीब करदात्यांवरही पडत होता. या विसंगती अहवालाने स्पष्टपणे मांडल्या. पहिल्या स्तंभाची गरजही त्याने नाकारली नव्हती. तथापि अहवालाचा भर, त्यातील तांत्रिक तपशील आणि पुढे विविध देशांना मिळालेला सल्ला यांचा गुरुत्वमध्य दुसऱ्या स्तंभाकडेच राहिला.

मूळ गृहीतक : वेतनपावती असलेला श्रमिक

अंशदानावर आधारलेले कोणतेही निवृत्तिवेतन, मग ते शासकीय असो वा खासगी, काही पूर्वअटींवर उभे असते. श्रमिकाचे वेतन नियमित व नोंदलेले असावे लागते. त्या वेतनातून कपात करून ती जमा करणारा मालक असावा लागतो. हे अंशदान तीस-पस्तीस वर्षे फारसा खंड न पडता चालू राहावे लागते. थोडक्यात, वेतनपावती हा या रचनेचा पाया होय.

आशियातील श्रमबाजाराचे स्वरूप याहून फार वेगळे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ मधील अंदाजानुसार आशिया-पॅसिफिक विभागातील सुमारे ६८ टक्के रोजगार अनौपचारिक स्वरूपाचा होता. अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर, बांधकाम मजूर, फेरीवाले, घरकामगार आणि घरात बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया यांच्या श्रमाला मोबदला असतो, पण पावती नसते. अनेकींच्या श्रमाला तर मोबदलाही नसतो. अशा व्यक्तींच्या बाबतीत अंशदान चालू पद्धतीने खर्च करावे की खात्यात साठवावे, हा वाद गैरलागू ठरतो, कारण अंशदानच अस्तित्वात नसते.

स्त्रियांच्या बाबतीत हे गृहीतक अधिकच जाचक ठरते. वैयक्तिक खात्याची रचना आयुष्यभराच्या मिळकतीचे वार्धक्यात प्रतिबिंब पाडते. कमी वेतन, बाळंतपण व संगोपनामुळे पडलेला खंड आणि अधिक आयुर्मान या तिन्हींचा परिणाम म्हणून स्त्रीच्या खात्यातील रक्कम कमी असते आणि ती अधिक वर्षे पुरवावी लागते. अहवालाच्या भाषेत ही रचना ‘अंशदान तसा लाभ’ या न्यायाने योग्य ठरते. परंतु श्रमबाजारातील विषमतेची वार्धक्यात जशीच्या तशी पुनरावृत्ती होणे याला सामाजिक संरक्षण म्हणता येईल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

अहवालावरील सैद्धान्तिक टीका बँकेच्या अंतर्गतही झाली. १९९९ मध्ये बँकेच्याच परिषदेत पीटर ऑर्झॅग आणि बँकेचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी निवृत्तिवेतन सुधारणांविषयीच्या दहा मिथकांची चर्चा करणारा निबंध सादर केला. वैयक्तिक खात्यांमुळे राष्ट्रीय बचत आपोआप वाढते, त्यांवरील परतावा निश्चितपणे अधिक असतो, या समजुती सर्व परिस्थितींत टिकत नाहीत, असे त्यांनी दाखविले. २००५ मध्ये बँकेने रॉबर्ट होल्झमन व रिचर्ड हिन्झ यांच्या ग्रंथाद्वारे तीन स्तंभांऐवजी पाच स्तंभांची रचना मांडली. त्यात अंशदानाची अट नसलेल्या किमान निवृत्तिवेतनाला ‘शून्यावा स्तंभ’ म्हटले गेले. जो स्तंभ बहुसंख्यांसाठी पहिला असावयास हवा होता, त्याला सुधारित आराखड्यात स्थान मिळाले, परंतु क्रमांक शून्य मिळाला.

निधीआधारित पद्धतीचा आशियाई अनुभव

सक्तीच्या बचतीची कल्पना आशियाला अहवालामुळे प्रथम कळली असे नाही. मलायात १९५१ मध्ये आणि सिंगापुरात १९५५ मध्ये ब्रिटिश अमदानीतच भविष्यनिर्वाह निधी स्थापन झाले होते. या निधींचे व्यवस्थापन खासगी नसून शासकीय असले, तरी वैयक्तिक खाते हे त्यांचे तत्त्व दुसऱ्या स्तंभाशी जुळणारे होते. म्हणूनच त्यांचा दीर्घकालीन अनुभव महत्त्वाचा आहे.

सिंगापूरचा निधी हा या प्रकारातील सर्वांत यशस्वी मानला जातो. १९६८ पासून निधीतील रक्कम घरखरेदीसाठी वापरण्यास परवानगी मिळाली आणि बहुसंख्य कुटुंबे स्वतःच्या घरात राहू लागली. १९८४ पासून वैद्यकीय खर्चासाठी स्वतंत्र खाते सुरू झाले. तथापि घरात गुंतलेला पैसा वार्धक्यात दरमहा हातात येत नाही, आणि आयुर्मान वाढल्यामुळे साठविलेली रक्कम मृत्यूपूर्वीच संपण्याचा धोका उभा राहिला. त्यावर उपाय म्हणून २००९ मध्ये आजीवन दरमहा रक्कम देणारी सामूहिक विमा योजना आणावी लागली. जे आयुष्यभर अल्प वेतनावर राबले त्यांच्यासाठी २०१६ पासून सरकारी तिजोरीतून तिमाही साहाय्य देण्यास सुरुवात झाली. वैयक्तिक स्वावलंबनाचा पुरस्कार करणाऱ्या राज्यालाही अखेरीस जोखमीची विभागणी आणि करांतून साहाय्य या दोन सामूहिक तत्त्वांचा आधार घ्यावा लागला.

मलेशियाचा अनुभव वेगळा धोका दाखवितो. कोविड महासाथीच्या काळात, २०२० ते २०२२ या वर्षांत, सरकारने सदस्यांना भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्याची मुभा वारंवार दिली आणि सुमारे १४५ अब्ज रिंगिट काढले गेले. तत्कालीन गरज खरी होती. परंतु बेकारी भत्ता व आपत्कालीन साहाय्य यांची व्यवस्था अपुरी असेल तेथे वार्धक्याची बचत हीच सर्व संकटांची तिजोरी बनते आणि ज्यांची खाती मुळात लहान होती ती प्रथम रिकामी होतात.

अहवालाच्या मूळ शिफारशीच्या सर्वांत जवळ गेलेला आशियाई देश म्हणजे कझाकस्तान. १ जानेवारी १९९८ पासून तेथे सोव्हिएत काळातील पद्धत बंद करून १० टक्के अंशदानाची वैयक्तिक खाती सुरू करण्यात आली. खासगी निधींमध्ये स्पर्धा होऊन परतावा वाढेल, अशी अपेक्षा होती. परंतु २००५ मध्ये सर्व निवृत्तांना किमान आधार देणारे मूलभूत निवृत्तिवेतन अर्थसंकल्पातून सुरू करावे लागले आणि २०१३ मध्ये खासगी निधी एकत्र करून एकच शासननियंत्रित निधी स्थापन करण्याचा निर्णय झाला. पंधरा वर्षांत व्यवस्थापन पुन्हा राज्याकडे आले.

हाँगकाँगमध्ये सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी १ डिसेंबर २००० रोजी सुरू झाला. श्रमिक व मालक यांनी प्रत्येकी ५ टक्के अंशदान द्यावयाचे, अशी रचना होती. त्या दिवशी जे आधीच वृद्ध होते अथवा ज्या गृहिणींना वेतनच नव्हते, त्यांना या निधीचा काहीही उपयोग नव्हता. शिवाय कामगाराला कामावरून कमी करताना द्यावयाची नुकसानभरपाई मालकाने त्याच कामगाराच्या निधीतील स्वतःच्या अंशदानातून वळती करून घ्यावी, अशी तरतूद कायद्यातच होती. म्हणजे नोकरी गेल्याची भरपाई कामगाराला स्वतःच्या म्हातारपणाच्या पैशातून मिळत असे. कामगार संघटनांच्या दीर्घ विरोधानंतर ही तरतूद १ मे २०२५ पासून रद्द झाली. दरम्यान, १९७३ पासून चालत आलेला आणि लोकांच्या तोंडी ‘फळांचे पैसे’ या नावाने रूढ झालेला वृद्ध भत्ता चालूच राहिला. २०१३ मध्ये त्याच्या जोडीला गरजू वृद्धांसाठी अधिक रकमेचा निर्वाह भत्ता सुरू झाला.

निधीआधारित पद्धतीकडे वळताना एक आर्थिक पेच अटळ असतो. आजच्या श्रमिकांचे अंशदान त्यांच्याच खात्यात जाऊ लागले, तर आजच्या निवृत्तांचे निवृत्तिवेतन कोठून द्यावयाचे? एका पिढीला दुहेरी भार उचलावा लागतो. चीनने १९९७ मध्ये शहरी कामगारांसाठी सामूहिक निधी व वैयक्तिक खाते यांची संयुक्त पद्धत स्वीकारली, तेव्हा हाच पेच उभा राहिला. स्थानिक प्रशासनांनी वैयक्तिक खात्यांतील पैसा तत्कालीन निवृत्तांना देण्यासाठी वापरला आणि खात्यांवर केवळ कागदोपत्री नोंद उरली. चिनी धोरणचर्चेत त्यांना ‘रिकामी खाती’ असेच म्हटले जाते. बचत वाढेल हा अहवालातील युक्तिवाद येथे संक्रमणकाळाच्या खर्चापुढे निष्प्रभ ठरला.

करांतून दिले जाणारे निवृत्तिवेतन

आशियात वृद्धांचे आच्छादन खऱ्या अर्थाने विस्तारले ते मात्र दुसऱ्याच मार्गाने. नेपाळमधील भत्ता १०० रुपयांपासून सुरू झाला. तो इतका अल्प होता, की त्याची संभावना दानधर्म म्हणूनही होऊ शकली असती. परंतु सरकारे बदलली, राजेशाही गेली, तरी भत्ता बंद झाला नाही. २००८ मध्ये वयोमर्यादा ७० वर्षांवर आणून रक्कम ५०० रुपये करण्यात आली आणि त्यानंतरही ती वाढत गेली. सर्वांना मिळणारा हक्क एकदा रुजला, की तो काढून घेणे कोणत्याही पक्षाला परवडत नाही, असा राजकीय धडा यातून मिळतो.

थायलंडमध्ये १९९३ पासून केवळ गरीब वृद्धांना दरमहा २०० बाथ मिळत असत. २००९ मध्ये ज्यांना शासकीय निवृत्तिवेतन नाही अशा साठ वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी ५०० बाथांचा भत्ता सुरू झाला. २०११ मध्ये वयोगटानुसार ६०० ते १,००० बाथ अशी त्याची श्रेणी ठरविण्यात आली. चीनमध्येही २००९ मध्येच ग्रामीण निवृत्तिवेतनाचा प्रारंभ झाला. साठ वर्षे पूर्ण झालेल्या ग्रामस्थांना पूर्वीचे अंशदान नसताना दरमहा किमान ५५ युआन मिळू लागले. काही वर्षांतच कोट्यवधी शेतकरी प्रथमच निवृत्तिवेतनधारक झाले. मानवी इतिहासात एवढ्या अल्पावधीत एवढे मोठे आच्छादन क्वचितच झाले असेल. तथापि ही किमान रक्कम २०२४ मध्येही १२३ युआनच होती, तर शहरी कामगारांचे निवृत्तिवेतन काही हजार युआनांच्या घरात होते. हक्क मिळाला, पण तो दुय्यम नागरिकाचा हक्क राहिला.

दक्षिण कोरियाचे उदाहरण संपन्न देशांनाही लागू पडणारा मुद्दा पुढे आणते. तेथे अंशदानावर आधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन १९८८ मध्ये सुरू झाले व १९९९ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. परंतु ज्यांनी युद्धोत्तर काळात देश उभारला ती पिढी तोपर्यंत अंशदान देण्याचे वय ओलांडून गेली होती. परिणामी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांत वृद्धांमधील सापेक्ष दारिद्र्य कोरियात सर्वाधिक, सुमारे ४० टक्के, राहिले. २००८ मध्ये करांतून वृद्ध निवृत्तिवेतन सुरू झाले आणि २०१४ मध्ये ७० टक्के वृद्धांसाठी मूलभूत निवृत्तिवेतन लागू झाले. अंशदानाची पद्धत परिपक्व होण्यास चाळीस वर्षे लागतात. वृद्ध माणसाजवळ तेवढा वेळ नसतो.

करांतून साहाय्य द्यावयाचे, तर ते कोणाला, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. बांगलादेशात १९९८ मध्ये सुरू झालेल्या वृद्ध भत्त्यासाठी प्रत्येक वॉर्डातून दहा गरीब वृद्ध, त्यांत पाच स्त्रिया, निवडावयाचे होते. दहांची मर्यादा ठरली, की अकराव्या गरिबाला वगळण्याचा अधिकार स्थानिक पुढाऱ्याकडे जातो. तेथे २०२३ मध्ये आलेली अंशदानावरील ‘सार्वत्रिक निवृत्तिवेतन योजना’ हेही लक्षणीय उदाहरण होय. तिच्या ‘प्रत्यय’ या भागात सार्वजनिक विद्यापीठांतील नवनियुक्त शिक्षकांचा समावेश करण्यास प्राध्यापकांनी तीव्र विरोध केला आणि जुलै २०२४ मध्ये विद्यापीठांतील कामकाज बंद पाडले. ३ ऑगस्ट २०२४ रोजी ती योजना मागे घेतली गेली. नावात सार्वत्रिकता असलेल्या योजनेवर सर्वांत प्रभावी संघर्ष झाला तो ज्यांच्याजवळ आधीपासून निवृत्तिवेतन होते त्यांच्याकडून, ही विसंगती भारतीय वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

कुटुंब नावाचा अदृश्य स्तंभ

आशियाई धोरणकर्त्यांनी निवृत्तिवेतनाला दिलेला एक पर्याय म्हणजे कुटुंब. सिंगापूरने १९९५ मध्ये आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला. भारताने २००७ मध्ये तसाच कायदा केला. चीनमध्ये २०१३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने वेगळे राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावे, असेही सांगितले. चीनच्या ग्रामीण योजनेत तर वृद्धांना विनाअंशदान लाभ मिळावा म्हणून त्यांच्या पात्र मुलांनी योजनेत सहभागी होणे अपेक्षित होते.

महाराष्ट्रातील वृद्धांसाठीच्या राज्य निवृत्तिवेतन योजनेला ‘श्रावणबाळ’ हे नाव आहे. कावडीत मातापित्यांना वाहून नेणारा पुत्र हे त्यामागील प्रतीक होय. राज्याने पुत्राची भूमिका स्वीकारणे ही कल्पना हृद्य आहे. परंतु पुत्राची सेवा हे कर्तव्य असते, तर नागरिकाचे निवृत्तिवेतन हा हक्क असतो. पहिल्यात कृतज्ञता अपेक्षित असते, दुसऱ्यात नसते. शिवाय कुटुंबातील सेवेचा भार प्रत्यक्षात पुत्रापेक्षा सुनेवर आणि मुलीवर अधिक पडतो आणि त्या सेवेपायी तिची स्वतःची मिळकत व स्वतःचे वार्धक्य असुरक्षित होते. कुटुंबाला स्तंभ मानणाऱ्या धोरणाने हा हिशेब कधी मांडलेला नाही. अहवालाने कौटुंबिक व्यवस्था क्षीण होत असल्याचे अचूक ओळखले होते. मात्र तिची जागा घेण्यासाठी त्याने बाजाराकडे पाहिले.

भारतीय संदर्भ

भारतातील सुधारणांचा प्रवास या संदर्भात उद्बोधक आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने १९९८ मध्ये एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखाली ‘ओअॅसिस’ या प्रकल्पाचे काम सोपविले. त्याचा केंद्रबिंदू असंघटित क्षेत्रातील श्रमिक हा होता. २००० मध्ये सादर झालेल्या अहवालात वैयक्तिक खात्यांवर आधारलेली योजना सुचविली गेली. परंतु त्या विचारातून आकारास आलेली नवी निवृत्तिवेतन योजना १ जानेवारी २००४ पासून लागू झाली ती केंद्र सरकारच्या नवनियुक्त कर्मचाऱ्यांना. असंघटित श्रमिकांना तिचे दार २००९ मध्ये उघडले. २०१५ मध्ये आलेल्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयोगटातील व्यक्तीने नियमित अंशदान भरल्यास साठाव्या वर्षानंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी आहे. येथेही अट तीच : नियमित मिळकत.

याउलट करांतून दिले जाणारे वृद्ध निवृत्तिवेतन १५ ऑगस्ट १९९५ रोजी दरमहा ७५ रुपयांनी सुरू झाले. २००६-०७ मध्ये केंद्राचा हिस्सा २०० रुपये झाला आणि ८० वर्षांखालील वृद्धांसाठी तो त्यानंतर वाढलेला नाही. ही रक्कम किंमतवाढीशी जोडलेली नसल्यामुळे तिचे वास्तव मूल्य दरवर्षी घटत गेले. कोणतीही घोषणा न करता केलेली ही कपातच होय. राज्ये आपापली भर घालतात. महाराष्ट्रात २०२३ मध्ये श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनांचे अनुदान १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आले; परंतु पात्रतेसाठी वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची मर्यादा अनेक वर्षे तशीच राहिली. महिन्याला १,७५० रुपयांहून अधिक मिळविणारे कुटुंब निराधार नाही, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरीकडे सार्वजनिक चर्चा मात्र जुनी योजना की नवी योजना, याच प्रश्नाने व्यापली आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्या कर्मचाऱ्यांना परिभाषित अंशदान योजना लागू झाली. जुन्या योजनेच्या मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी व शिक्षक आठवडाभर संपावर गेले. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेली आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेली एकीकृत निवृत्तिवेतन योजना २५ वर्षांच्या सेवेनंतर मूळ वेतनाच्या सरासरीच्या ५० टक्के रकमेची हमी देते. बाजाराची जोखीम एकट्या कर्मचाऱ्याने पेलावी, हे तत्त्व भारतातही अशा रीतीने मागे घ्यावे लागले आहे.

कर्मचाऱ्यांची मागणी अन्याय्य होती असे यातून सुचवावयाचे नाही. वार्धक्यातील मिळकत शेअर बाजाराच्या चढउतारावर अवलंबून असू नये, हे तिच्यातील तत्त्व सर्वस्वी योग्य आहे. परंतु तत्त्व योग्य असेल तर ते सर्वांना लागू असावयास हवे. ज्या महाविद्यालयांच्या शिक्षक-कक्षात जुन्या व नव्या योजनेची चर्चा रंगते, तेथेच तासिका तत्त्वावर शिकविणारे अध्यापक बसलेले असतात. त्यांना दोन्हींपैकी कोणतीही योजना लागू नाही. त्याच इमारतीची झाडलोट करणाऱ्या कंत्राटी स्त्रीला वार्धक्यात मिळणारे निवृत्तिवेतन उत्पन्नाच्या दाखल्यावर अवलंबून आहे. अहवालाने निर्माण केलेली चौकट अहवालाच्या विरोधकांनीही स्वीकारली असून निवृत्तिवेतनाचा प्रश्न म्हणजे नोकरदाराचा प्रश्न, हे समीकरण दोन्ही बाजूंना मान्य झाले आहे.

आक्षेप आणि त्यांचा विचार

करांतून सार्वत्रिक निवृत्तिवेतन देण्याविरुद्धचा प्रमुख आक्षेप वित्तीय स्वरूपाचा आहे. वृद्धांची संख्या वाढत जाईल तसा भार वाढेल आणि शिक्षण, आरोग्य यांवरील खर्चाला कात्री लागेल, असे म्हटले जाते. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोरियालाही २०२५ मध्ये अंशदानाचा दर ९ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १३ टक्क्यांपर्यंत नेण्याचा कायदा करावा लागला, तर चीनने त्याच वर्षापासून निवृत्तीचे वय वाढविण्यास प्रारंभ केला. वृद्ध होणाऱ्या समाजात कोणतीही पद्धत फुकट चालत नाही.

परंतु हाच नियम निधीआधारित पद्धतीलाही लागू आहे. उद्याच्या वृद्धांनी जे अन्नधान्य, औषधे व सेवा वापरावयाच्या, त्या उद्याचेच श्रमिक निर्माण करणार आहेत. खात्यातील रक्कम हा त्या उत्पादनावरील दावा असतो, उत्पादन नव्हे. म्हणून खरा प्रश्न भार टाळण्याचा नसून तो न्याय्य रीतीने वाटण्याचा आहे. नेपाळसारख्या अल्प उत्पन्नाच्या देशाने वयाची मर्यादा उंच ठेवून अल्प रकमेपासून प्रारंभ केला आणि क्षमता वाढेल तसा विस्तार केला. वित्तीय शिस्त व सार्वत्रिकता यांत अपरिहार्य विरोध नाही, हे त्यावरून दिसते.

दुसरा आक्षेप असा, की श्रीमंत वृद्धांनाही निवृत्तिवेतन देणे हा अपव्यय आहे. तत्त्वतः तो पटण्यासारखा वाटतो. परंतु गरिबी सिद्ध करण्याची जबाबदारी गरिबावर टाकली, की जन्मदाखला नसलेली, अंगठ्याचा ठसा न उमटणारी, तहसील कार्यालयापर्यंत जाऊ न शकणारी व्यक्तीच प्रथम वगळली जाते. श्रीमंतांना दिलेली रक्कम कररूपाने परत घेता येते; वगळलेल्या गरिबाचे गेलेले दिवस परत देता येत नाहीत.

समारोप

जागतिक बँकेच्या १९९४ च्या अहवालाने वृद्धत्वाच्या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. त्याचे लोकसंख्येविषयीचे निदान अचूक होते, पण उपचार ज्या रुग्णासाठी योजला तो आशियात अल्पसंख्य होता. निधीआधारित पद्धत स्वीकारणाऱ्या सिंगापूर, कझाकस्तान व हाँगकाँग यांना करांतून दिल्या जाणाऱ्या साहाय्याची जोड द्यावी लागली आणि भारताने हमी परत आणली. दुसरीकडे नेपाळ, थायलंड, चीन व कोरिया यांनी अंशदानाची अट दूर केल्यावरच वंचित वृद्धांपर्यंत निवृत्तिवेतन पोहोचले. मात्र तेथेही रकमेचा अल्पपणा हा मोठा दोष राहिला असून, किंमतवाढीशी जोडणी नसेल तर कायद्यातील हक्क हळूहळू नाममात्र होतो, हे भारतातील २०० रुपयांनी दाखविले आहे.

निवृत्तिवेतन हे पूर्वीच्या वेतनाचे लांबलेले रूप आहे, की आयुष्यभर केलेल्या श्रमाची समाजाने दिलेली पोच आहे, याचे उत्तर प्रत्येक समाजाला द्यावे लागते. पहिला अर्थ स्वीकारला तर वेतनपावती नसलेल्याचे श्रम हिशेबाबाहेर राहतात. शेत नांगरणारा, घर सांभाळणारी, रस्ता बांधणारा यांनीही समाजाच्या निधीत अंशदान दिलेलेच असते. त्याची नोंद मात्र कोणत्याही खात्यात नसते. ती नोंद नाही म्हणून हक्क नाही, असे मानणारे धोरण कितीही स्तंभांवर उभे केले, तरी त्याच्या छपराखाली बहुसंख्य वृद्धांना जागा मिळणार नाही.